सटवाईचा लेख की चित्रगुप्ताची वही?

३१ डिसेंबर २०२४ रोजी नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचे निदान झालेला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. गाठ कवटीच्या आत शिरली आहे, पण शरीरात दूर कुठे रोग पसरलेला नाही. कागदावर त्याची स्टेज पडते चौथी. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, तंतोतंत तेवढाच रोग घेऊन दुसरा रुग्ण आला तर त्याची स्टेज तिसरी. कारण त्या दिवसापासून अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर या संस्थेच्या वर्गीकरणाची नववी आवृत्ती लागू झाली, आणि तिने या रोगापुरती चौथी स्टेज फक्त दूरवर पसरलेल्या रोगासाठी राखून ठेवली. पत्रिका मांडणाऱ्याला जन्मवेळेतल्या चार मिनिटांचे जेवढे महत्त्व, तेवढे इथे एका मध्यरात्रीला आले. दोघांच्या शरीरात काडीचा फरक नाही. फरक पडला तो कागदावर.

मराठी घरात हा आकडा फार लवकर दाराबाहेर पडतो. शेजारी, नातेवाईक, कार्यालयातले सहकारी, सगळ्यांचा पहिला प्रश्न 'कितवी स्टेज?' हाच. उत्तर 'चौथी' आले की विचारणाऱ्याचा आवाज खाली येतो, आणि 'लास्ट स्टेज' हे दोन शब्द पुढच्या घरी पोचेपर्यंत निदानाचा निकाल झालेला असतो. बाळ जन्मल्यावर सटवाई रात्री येऊन त्याच्या कपाळी लेख लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी श्रद्धा. तो लेख कोणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. स्टेजचा आकडा आपण त्या लेखाच्या जागी बसवला आहे. फक्त आता तो वाचता येतो असा आपला समज झाला आहे. माझे म्हणणे एवढेच की आपण लेखनिक चुकीचा धरला. श्रद्धेच्या याच जगात दुसरा एक लेखनिक आहे, चित्रगुप्त. तो होणाऱ्या गोष्टी लिहीत नाही, झालेल्यांची नोंद ठेवतो. रोगाचे भाकीत हे त्याच्या वहीतले पान आहे. आधी होऊन गेलेल्या माणसांना रोग किती होता, उपचार काय मिळाले आणि त्यांतले किती जगले, एवढाच त्यातला मजकूर. या नोंदीला लेख समजणे ही नुसती वैद्यकीय गफलत नाही. दैव, प्रयत्न, नवस आणि पाप यांविषयी आपण जे मानतो, ते सगळे तिच्यात ओढले जाते.

आधी रोगच नीट पाहू. नाकपुड्यांच्या मागे, पडजिभेच्या वर, कवटीच्या तळाला लागून एक पोकळी आहे. कानातून येणारी नळी तिथेच उघडते, म्हणून एका कानाला दडा बसणे हे या रोगाचे एक लक्षण ठरते. जागा इतकी आडवळणाची की दुर्बिणीशिवाय दिसत नाही. पुष्कळ रुग्णांना पहिली जाणीव होते ती मानेत आलेल्या, न दुखणाऱ्या गाठीने. म्हणजे रोग तोवर घर सोडून बाहेर पडलेला असतो. जगात वर्षाला सुमारे १ लाख २० हजार लोकांना हा कर्करोग होतो आणि त्यांतले फार मोठे प्रमाण दक्षिण चीनचा ग्वांगडोंग प्रांत, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया इथले. भारतात तो एरवी दुर्मीळ, पण नागालँड, मणिपूर, मिझोरम या राज्यांत तसा नाही. स्टेज ठरवताना तीन गोष्टी मोजतात: मूळ गाठ कुठवर गेली, मानेतल्या लसिकाग्रंथींत रोग किती उतरला, आणि तो फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या ठिकाणी पोचला का. गाठ पोकळीपुरती आहे, बाजूच्या मऊ भागात गेली, कवटीच्या तळाच्या हाडात घुसली की थेट कवटीच्या आत, अशा पायऱ्या. मानेत गाठी एका बाजूला आहेत की दोन्हीकडे, सहा सेंटिमीटरहून मोठ्या आहेत का, कंठाच्या कड्याच्या खाली उतरल्या का, हेही पाहतात. एक गोष्ट मात्र 'लास्ट स्टेज' म्हणणाऱ्यांच्या गावीही नसते. हा कर्करोग किरणोपचारांना चांगली दाद देतो. म्हणून मानेत मोठाल्या गाठी घेऊन आलेला रुग्णही बरा होण्याच्या हेतूनेच उपचार घेतो. इतर अनेक कर्करोगांत त्याच आकड्याला हा हेतू सोडून द्यावा लागतो.

आता या पायऱ्या बांधल्या कोणी? गाठ, ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांची टी-एन-एम या तीन अक्षरांची पद्धत फ्रेंच शल्यचिकित्सक पियेर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात आकाराला आणली. हाँगकाँगमध्ये डॉ. जॉन हो यांनी १९७०च्या दशकात या एका रोगासाठी स्वतःची वेगळी मांडणी केली. तिच्यात ग्रंथीच्या आकारापेक्षा ती मानेत किती खाली आहे याला वजन होते, आणि स्टेजा होत्या पाच. त्या शहरात त्या काळी चौथी ही शेवटची नव्हतीच! पुढे १९९७ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत हो यांच्या मांडणीतले बरेचसे आले, नंतर एमआरआयमुळे हाडातला आणि स्नायूंतला प्रसार स्पष्ट दिसू लागला तशा सीमा पुन्हा हलल्या, आणि २०२५ मध्ये त्या हलल्या ते आपण वर पाहिले. नव्या आवृत्तीने दूरवर पसरलेल्या रोगाचेही दोन भाग केले: दूरची ठिकाणे तीनपर्यंत असली तर एक, जास्त असली तर दुसरा. सीमा बदलण्याची गंमत पुढे आहे. अमेरिकन संशोधक अल्व्हन फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की तपासणी सूक्ष्म झाली, म्हणजे पूर्वी न दिसणारा प्रसार दिसू लागला, की दुसऱ्या स्टेजमधले सर्वांत वाईट रुग्ण तिसरीत जातात. ते गेल्याने दुसरीचा सरासरी निकाल सुधारतो. आणि तिसरीत ते सर्वांत बरे ठरत असल्याने तिसरीचाही सुधारतो. एकही माणूस एक दिवसही जास्त जगलेला नसतो. विल रॉजर्स या विनोदी नटाच्या नावे सांगितला जाणारा एक टोमणा आहे: ओक्लाहोमातले लोक कॅलिफोर्नियात गेले आणि दोन्ही राज्यांची सरासरी बुद्धी वाढली. फाइनस्टाइन यांनी या प्रकाराला त्याचेच नाव दिले. सटवाईच्या लेखाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

यावर पहिला आक्षेप तर्काचा येतो. वर्गीकरण माणसाचे असेल, पण त्यातून निघणारे अनुमान खरे असू शकते ना? पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे म्हणतो, तशी चौथी स्टेज दिसली की मृत्यू म्हणायचे. इथे न्यायदर्शनाची शिस्त कामी येते. अनुमानाला व्याप्ती लागते, आणि व्याप्ती म्हणजे अपवाद नसलेला संबंध. जिथे हेतू (धुरासारखी खूण) आहे तिथे साध्य (अग्नीसारखी सिद्ध करायची गोष्ट) कधी असते, कधी नसते, तो हेतू सव्यभिचार. त्यावरून एका विशिष्ट पर्वताविषयी निश्चित विधान करता येत नाही. शंभरांतले साठ जगतात, या वाक्यावरून समोरच्या माणसाबद्दल जगेल किंवा मरेल यांतले एकही वाक्य निघत नाही. शिवाय शंभर कोणते? इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १८६६ मध्येच ही अडचण मांडली होती की एक माणूस एकाच वेळी अनेक वर्गांत मोडतो आणि प्रत्येक वर्गाचे प्रमाण वेगळे. या रोगात ती अडचण रक्ताच्या नळीत दिसते. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू या कर्करोगाशी घट्ट जोडलेला आहे, आणि रक्तद्रवात त्याचे जनुकीय तुकडे किती सापडतात हे मोजता येते. तुकडे जास्त असलेला लवकरच्या स्टेजचा रुग्ण पुढच्या स्टेजच्या रुग्णासारखा वागतो, असे हाँगकाँगच्या अभ्यासांत दिसले. मग त्याचा खरा वर्ग कोणता, गाठीने सांगितलेला की रक्ताने?

चरकसंहितेने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला 'युक्ती' हे प्रमाण मानले आहे आणि तिचे उदाहरण शेतातले दिले आहे: पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांचा मेळ पाहून पीक येईल असे म्हणणे. भाकिताचे खरे प्रमाण हे आहे. आपल्याकडे त्याचे सरकारी रूपही आहे, पैसेवारी. महसूल खाते गावोगावच्या पिकाची आधी नजर पैसेवारी लावते, मग ती सुधारते, मग अंतिम करते. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा विचार सुरू होतो. ती गावाची असते. अमक्या गट नंबरात किती पोती होतील हे तिने कधी सांगितलेले नाही आणि शेतकरी तसे तिला विचारतही नाही. तिच्यावरून कोणाला काय मदत द्यायची एवढे ठरते. स्टेजचेही काम हेच. सर्वांत लवकरच्या रोगाला बहुधा नुसते किरण पुरतात. पुढे गेलेल्या रोगाला किरणांबरोबर केमो लागते, आणि आता बहुधा किरणांच्या आधीही. पैसेवारी बघून पेरणीच सोडून देणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही.

पीक आणि रोग यांच्या या साम्यातून माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा पुढे येतो. पिकाच्या अंदाजात शेतकऱ्याची नांगरट धरलेली असते, तसे रोगाच्या भाकितात माणसाचे करणे आधीच मिसळलेले असते. अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजचे रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले होते. एका गटाला नुसते किरण, दुसऱ्याला किरणांबरोबर आणि नंतर केमो. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ४७ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ७८. स्टेज तीच, गाठ तशीच, आणि भविष्ये दोन. यांतले कपाळावर कोणते लिहिले होते? २०१९ मध्ये चीनमधल्या ४८० रुग्णांच्या चाचणीत किरण आणि केमोच्या आधी दोन औषधांच्या केमोची भर घातली, तेव्हा तीन वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ७६.५ वरून ८५.३ टक्क्यांवर गेले. वहीच्या प्रत्येक पानावर असा कोणाचा तरी हात आहे. त्यात आणखी एक मेख अशी की पाच वर्षांच्या जगण्याचा आकडा द्यायचा तर ते रुग्ण किमान पाच वर्षांपूर्वी उपचार घेतलेले असावे लागतात. आजच्या रुग्णाला सांगितले जाणारे भविष्य हे कालच्या उपचारांचा हिशेब असते.

दैववादी यावर म्हणेल की कोणता उपचार मिळाला हेही प्रारब्धच. सुटलेला बाण परत येत नाही. हा आक्षेप वरवरचा नाही, कारण त्याला खोटे पाडणारा पुरावा असूच शकत नाही. आणि नेमकी तीच त्याची दुबळी बाजू. कोणता बाण सुटला आहे हे तो लागल्यावरच कळते. प्रारब्ध मानणाऱ्यालासुद्धा फळ मिळण्याआधी ते वाचता येत नाही, म्हणून आज काय करावे या प्रश्नाला प्रारब्धाकडे उत्तर नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, सरळ विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नाही. आत्रेय दोन्ही टोके नाकारतात. दैव आणि पुरुषकार यांत जे बलवान ते दुसऱ्याला मागे सारते. सगळ्यांचे आयुष्य ठरलेले असते तर औषध, मंत्र, शांती यांतले काहीच कोणी केले नसते, असे ते म्हणतात आणि गाड्याच्या आसाचा दाखला देतात: चांगला आस आपल्या वेळेला झिजतो, पण ओझे जास्त झाले, रस्ता वाईट मिळाला किंवा वंगण नसले तर मध्येच मोडतो. ज्या प्रदेशात हा रोग सर्वांत जास्त आहे तिथल्या परंपरेतही हा वाद जुना आहे. मोझी या चिनी विचारवंताच्या नावावर दैववादाविरुद्ध तीन प्रकरणे आहेत. नशीब मानले की राजा कारभार सोडतो आणि शेतकरी शेत, ही त्यांतली तक्रार. मेन्शियस हा दुसरा चिनी विचारवंत तर दैव मानणारा. तरी त्याचे म्हणणे असे की दैव ज्याला समजले तो पडायला आलेल्या भिंतीखाली उभा राहत नाही.

त्या भिंतीतल्या काही विटा आता ओळखीच्या आहेत. कँटोनी पद्धतीची खारवलेली मासळी, विशेषतः तान्ह्या मुलाला दूध सोडवताना भाताबरोबर भरवलेली, या रोगाशी जोडलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चिनी पद्धतीच्या खारवलेल्या मासळीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. (कोकणातल्या वाचकाने लगेच सुक्या बोंबलांकडे संशयाने पाहू नये, इतर पद्धतींच्या खारवलेल्या मासळीबद्दल संस्थेने असा निष्कर्ष काढलेला नाही.) हाँगकाँगमध्ये राहणीमान बदलले तसे या रोगाचे प्रमाण गेल्या काही दशकांत बरेच खाली आले. तिथेच ४० ते ६२ वयाच्या २०,१७४ पुरुषांचे रक्त विषाणूच्या तुकड्यांसाठी तपासले. ३४ जणांत रोग सापडला, आणि त्यांतले ७१ टक्के पहिल्या दोन स्टेजमध्ये होते. एरवी हे प्रमाण सुमारे २० टक्के असे. म्हणजे स्टेज ही रोगाने येताना आणलेली वस्तूच नव्हे. कोणी कधी पाहिले, यावर ती बऱ्याच अंशी ठरते.

याच तपशिलात पापपुण्याच्या हिशेबाचेही उत्तर आहे. 'काय पाप केले होते म्हणून हे वाट्याला आले' असे रुग्ण स्वतःला विचारतो, आणि नातेवाईक ते त्याच्या पाठीमागे बोलतात. जो विषाणू जगातल्या दहांतल्या नऊ प्रौढांच्या शरीरात मुकाट पडून असतो तो, आईबापांकडून आलेली जनुके, आणि बोलता येण्याआधी भरवलेला घास, यांत त्या माणसाने केलेले असे काय आहे? मागच्या जन्माचे आहे असे म्हणायला वाट मोकळी राहतेच. पण ज्या कर्माची आठवण नाही त्याची लाज आजारी माणसाला वाहायला लावणे, याला मी धर्म म्हणणार नाही. नवसाचेही तसेच आहे. आकडाच सांगतो की अमुक इतके जगतील. जगलेल्याने देवाचे आभार मानावेत, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. मात्र त्याच्या जगण्याला भक्तीचा दाखला केले की शेजारच्या खाटेवर गेलेल्या माणसाची भक्ती आपोआप कमी ठरते. हा हिशेब कोणत्याही संताला मान्य झाला नसता.

सर्वांत अवघड आक्षेप अजून राहिला आहे. रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसांत सगळीकडे पसरला आहे. तिथे तरी हे बोलणे पोकळ दिलासा ठरत नाही का? तिथेही वही हलते आहे. पुन्हा उलटलेल्या किंवा दूर पसरलेल्या रोगात केमोला तोरिपालिमॅब या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाची जोड दिली, तेव्हा तीन वर्षांनी ६४.५ टक्के रुग्ण जिवंत होते. नुसत्या केमोच्या गटात ४९.२. पण माझे म्हणणे या आकड्यांच्या आधाराने उभे करणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण यांतले पुष्कळ जण पुढे या रोगानेच जातात. चरकाने साध्य रोगांचे सुखसाध्य आणि कृच्छ्रसाध्य, तर असाध्यांचे याप्य आणि उपचारापलीकडचे असे भाग केले. त्यांतला 'याप्य' शब्द इथे नेमका बसतो: जो जात नाही, पण सांभाळता येतो. सांभाळणे हेही करणे आहे. आणि ज्याच्यावर औषध चालत नाही त्याचेही दुखणे कमी करता येते, तोंडाला पडलेली कोरड ओली करता येते. 'नशिबात होते' हे वाक्य माणूस गेल्यानंतर त्याच्या आईला म्हटले तर त्यात दया आहे; तिने काही कमी केले नाही असे ते सांगते. तेच वाक्य तो जिवंत असताना म्हटले तर आपण त्याला सोडल्याची ती कबुली असते. दैव खरे की खोटे यापेक्षा मला हा काळाचा फरक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे रुग्णापासून स्टेज लपवण्याची रीत आहे. चरकानेही वैद्याला बजावले आहे की मृत्यूची चिन्हे दिसली तरी विचारल्यावाचून सांगू नये, आणि विचारले तरी ज्याने रुग्णाला किंवा आणखी कोणाला आघात होईल तिथे बोलू नये. पण तो इशारा अरिष्टांबद्दलचा आहे, म्हणजे येऊन ठेपलेल्या मरणाच्या चिन्हांबद्दलचा. स्टेज हे अरिष्ट नव्हे. ती लपवली जाते कारण सांगणारे स्वतःच तिला लेख मानत असतात. नोंद म्हणून सांगितली, कोणत्या आवृत्तीनुसार, कोणत्या उपचारानंतरची, कोणत्या देशातल्या रुग्णांची हे धरून सांगितली, तर बहुतेक माणसांना ती पेलते.

आणि चरकाचे आणखी एक. चिकित्सेचे पाय चार: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या रोगाचे किरण साधारण सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावे लागतात. तोंड सोलवटते, गिळता येत नाही, वजन उतरते, आणि मध्ये खंड पडला की निकाल बिघडतो. नागालँडमधल्या कोहिमाहून मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात आलेले कुटुंब असो की आपल्याच इमारतीतले, रोज सोबत जाणारा माणूस मिळणे हा भाकिताचाच एक भाग आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'कितवी स्टेज?' असे तोंडात आले, तर त्याच दमात हेही विचारा: मंगळवारी रुग्णालयात त्यांच्याबरोबर कोण जाणार आहे?